शाळेतलं बिननावाचं इंजेक्शन आणि छेदाचा प्रश्न

माझी आतेबहीण न्यू जर्सीत राहते. तिचा मुलगा दुसरीत आहे आणि त्याला काजूची अ‍ॅलर्जी आहे. ऑगस्टच्या शेवटी ताईने मला शाळेच्या फॉर्मचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तू यातच पीएचडी करतेस ना? मग सांग. आम्ही याच्या नावाची दोन पेनं शाळेत दिली आहेत. नर्स म्हणते शाळेकडे आणखी एक असतं, कोणाच्याच नावाचं नसलेलं. ते कोणासाठी?"

मी लगेच उत्तर टाकलं: "ज्यांना आपल्याला अ‍ॅलर्जी आहे हेच माहीत नसतं त्यांच्यासाठी. शाळेत दर चार रिअ‍ॅक्शनमागे एक अशीच असते."

पाठवलं आणि मग आठवलं. अगदी हेच वाक्य मी पहिल्या वर्षाच्या सेमिनारमध्ये स्लाइडवर टाकलं होतं. ठळक अक्षरात. आमच्या गाइड मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कशाच्या चारमागे एक?" मी संदर्भ सांगितला. त्या म्हणाल्या, "संदर्भ नको, छेद सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेपरचा सारांश वाचला होता, पेपर वाचला नव्हता.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी विचारला जाणार आहे. म्हणून आज तो या एका विषयावर नीट सोडवून बघू. विषय छोटा वाटेल: शाळेच्या कपाटातलं एक इंजेक्शन. पण त्याचा छेद चुकला तर कायदाही चुकीच्या मुलांसाठी लिहिला जातो.

आधी पेन समजून घेऊ

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की "पित्त उठलंय" म्हणतात. मग कोणी आमसुलाचं पाणी लावतं, कोणी पित्ताची गोळी देतं. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पण काही वेळा प्रकरण त्वचेवर थांबत नाही. घसा सुजतो, आवाज बसतो, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हे अ‍ॅनाफिलॅक्सिस. हा शब्द १९०२ मध्ये फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी दिला. समुद्री जीवांच्या विषावर कुत्र्यांमध्ये प्रयोग करताना त्यांना दिसलं की दुसऱ्यांदा दिलेला अगदी छोटा डोससुद्धा जीव घेतो. रिशेंना १९१३ चं नोबेल याच कामासाठी मिळालं.

शरीरात होतं असं: मास्ट पेशी एकदम फुटल्यासारख्या हिस्टामिन आणि इतर रसायनं बाहेर टाकतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि गळू लागतात, श्वासनलिका आवळतात. पित्ताची गोळी हिस्टामिनला अडवते, त्यामुळे खाज आणि गांधी कमी होतात. पण ती कोसळलेला रक्तदाब वर आणत नाही आणि आवळलेली श्वासनलिका उघडत नाही. हे काम अ‍ॅड्रेनॅलिन करतं. तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, लवकरात लवकर.

स्नायूतच का? १९९८ मध्ये कॅनडातल्या एस्टेल सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ मुलांवर एक अभ्यास केला. इंजेक्शन स्नायूत दिलं तर रक्तातली पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखरावर पोचली. त्वचेखाली दिलं तर सरासरी ३४ मिनिटं लागली. आता यासोबत दुसरा आकडा ठेवा. ब्रिटनमधल्या अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास रिचर्ड पम्फ्री यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. अन्नामुळे झालेल्या मृत्यूंमध्ये श्वास किंवा हृदय थांबेपर्यंतचा मध्यक वेळ होता ३० मिनिटं. ८ आणि ३० यांच्यामध्ये जागा आहे. ३४ आणि ३० यांच्यामध्ये नाही.

ऑटो-इंजेक्टर, म्हणजे ताई म्हणते ते 'पेन', हीच जागा वापरता यावी म्हणून आहे. आत स्प्रिंग, सुई आणि आधीच मोजून भरलेला डोस. निळं झाकण काढायचं, नारिंगी टोक मांडीवर दाबायचं, तीन सेकंद धरायचं. कपड्यावरूनही चालतं. साधारण १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी ०.१५ मिलिग्रॅम, त्यापुढे ०.३ मिलिग्रॅम. हे तंत्र मुळात सैनिकांसाठी होतं. रासायनिक हल्ला झाला तर त्यांना स्वतःच्या मांडीत उतारा टोचून घेता यावा, ही कल्पना. त्यातूनच एपिपेन तयार झालं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

बिननावाचं पेन कुठून आलं?

डॉक्टरांची चिठ्ठी एका माणसाच्या नावावर असते. त्यामुळे शाळेतलं पेनही एका मुलाच्या नावाचं. अडचण तिथेच आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलाला त्रास झाला तर नर्स कपाट उघडते, आत पेन दिसतं, पण ते दुसऱ्याचं असतं.

२०१२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात सात वर्षांची एक मुलगी शाळेत शेंगदाण्याची रिअ‍ॅक्शन होऊन गेली. तिची अ‍ॅलर्जी घरी माहीत होती, पण तिच्या नावाचं पेन शाळेत नव्हतं. त्याच वर्षी व्हर्जिनियाने शाळांना बिननावाची पेनं ठेवायला लावणारा कायदा केला. नोव्हेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी एका केंद्रीय कायद्यावर सही केली. तो थेट सक्ती करत नाही. जी राज्यं शाळांना अशी पेनं ठेवायला लावतील त्यांना दम्याच्या उपचारांसाठीच्या अनुदानात प्राधान्य देतो. न्यू जर्सीत हे बंधनकारक आहे, म्हणून भाच्याच्या शाळेत ते तिसरं पेन.

बाकीच्या देशांनी वेगळे रस्ते घेतले. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात 'सब्रिनाज लॉ' १ जानेवारी २००६ पासून लागू आहे. त्याचा भर प्रत्येक अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची लेखी योजना आणि शिक्षकांचं प्रशिक्षण यावर आहे. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना चिठ्ठीशिवाय जादा पेन विकत घेता येतं. पण तिथल्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार ते पेन कोणासाठी? ज्या मुलांना धोका आहे हे आधीच नोंदलेलं आहे आणि ज्यांच्या पालकांची संमती आहे, त्यांच्यासाठी.

इथे थांबा. दोन वेगळी धोरणं दिसताहेत. एक म्हणतं, पेन कोणासाठीही वापरा. दुसरं म्हणतं, नोंद असलेल्या मुलांसाठी राखीव साठा म्हणून ठेवा. यातलं कुठलं बरोबर, हे एका प्रश्नावर ठरतं: ज्यांच्या अ‍ॅलर्जीची कोणालाच कल्पना नव्हती अशी मुलं किती? म्हणजे माझ्या स्लाइडवरच्या त्याच आकड्यावर.

तीन अभ्यास, तीन आकडे

पहिला अभ्यास मॅसॅच्युसेट्सचा, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला. ४८ शाळा-जिल्ह्यांतून (एका स्थानिक मंडळाखालच्या सगळ्या शाळा म्हणजे एक जिल्हा) दोन शालेय वर्षांत अ‍ॅड्रेनॅलिन दिल्याच्या ११५ नोंदी आल्या. त्यातल्या २४ टक्के लोकांना जीवघेणी अ‍ॅलर्जी आहे हे शाळेला माहीतच नव्हतं. माझं 'चारमागे एक' इथून आलं.

दुसरा अभ्यास शिकागोच्या सरकारी शाळांचा. तिथे शहरभर सगळ्या शाळांना बिननावाची पेनं दिली होती. २०१२-१३ या वर्षात त्यातली ३८ वापरली गेली. अर्ध्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के वापर असे होते की त्या व्यक्तीला अशी रिअ‍ॅक्शन पहिल्यांदाच आली होती.

तिसरा अभ्यास देशभरातला. एपिपेनच्या कंपनीने शाळांना मोफत पेनं देण्याची योजना २०१२ मध्ये सुरू केली. त्यात सहभागी शाळांना २०१३-१४ या वर्षाबद्दल प्रश्नावली पाठवली गेली. उत्तरं देणाऱ्या ५,६८३ शाळांपैकी ६०७ शाळांमध्ये मिळून अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या ९१९ घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या सुमारे २२ टक्के घटना आधी अ‍ॅलर्जी माहीत नसलेल्यांच्या.

२४, ५५ आणि २२. आता बातमी लिहिणारा काय करेल? ५५ उचलेल, कारण तो मोठा आहे. सेमिनारवाली मी काय केलं? २४ उचलला, कारण 'चारमागे एक' म्हणायला सोपं. दोघांनीही अंश बघितला. छेद कोणीच बघितला नाही.

बघा:

- मॅसॅच्युसेट्सचा छेद: शाळेत ज्यांना ज्यांना अ‍ॅड्रेनॅलिन दिलं ते सगळे. पेन स्वतःचं असो की शाळेचं.
- शिकागोचा छेद: फक्त बिननावाच्या पेनचे वापर.
- देशभरातल्या प्रश्नावलीचा छेद: शाळांनी अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणून कळवलेल्या घटना. त्यात पेन वापरलं गेलं असो वा नसो.

तीन वेगळे प्रश्न आहेत हे. आपण त्यांची उत्तरं एकाच रांगेत उभी करतो आणि मग "अभ्यासांमध्ये मतभेद आहेत" असं लिहून मोकळे होतो.

शंभर रिअ‍ॅक्शनचं गणित

हे पटायला कागद-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, कुठल्याही अभ्यासातले नाहीत.

समजा एका शहरातल्या शाळांमध्ये वर्षभरात १०० जणांना अ‍ॅड्रेनॅलिन द्यावं लागलं. त्यातले २४ जण असे की त्यांची अ‍ॅलर्जी कोणाला माहीत नव्हती. उरलेल्या ७६ जणांची माहीत होती. या ७६ पैकी ५७ जणांचं स्वतःचं पेन शाळेत होतं, ते वापरलं गेलं. १९ जणांचं मात्र नव्हतं. कोणाचं घरी राहिलं, कोणाची मुदत संपली, कोणाच्या पालकांना दुसरा जोड परवडला नाही.

आता बिननावाचं पेन कितींना लागलं? २४ अधिक १९, म्हणजे ४३ जणांना.

मॅसॅच्युसेट्सच्या पद्धतीने मोजा: १०० पैकी २४. म्हणजे २४ टक्के.
शिकागोच्या पद्धतीने मोजा: ४३ पैकी २४. म्हणजे जवळजवळ ५६ टक्के.

शहर तेच, मुलं तीच, वर्ष तेच. ज्यांनी स्वतःचं पेन वापरलं ते ५७ जण छेदातून बाहेर गेले आणि टक्केवारी दुपटीहून जास्त झाली. खऱ्या अभ्यासांमधल्या फरकाला आणखीही कारणं असतील. शहर वेगळं, वर्षं वेगळी, मुलांची घरची परिस्थिती वेगळी. पण त्या कारणांकडे जाण्याआधी छेदाने किती फरक पडतो हे बघावं लागतं.

या गणितातून आणखी एक गोष्ट वर येते, आणि ती मला सेमिनारच्या वेळी अजिबात दिसली नव्हती. ते १९ जण. व्हर्जिनियातली ती मुलगी या गटातली होती. अ‍ॅलर्जी माहीत, पेन नाही. "बिननावाचं पेन हे अ‍ॅलर्जी माहीत नसलेल्यांसाठी" असं मी ताईला लिहिलं तेव्हा मी या सगळ्या मुलांना वाक्यातून वगळलं. आणि ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेने नेमकं उलट केलं. तिने १९ जणांना धरलं आणि २४ जणांना बाजूला ठेवलं.

जे कुठल्याच आकड्यात नाही

छेद सापडला की पुढचा प्रश्न विचारायचा: या छेदात येऊच शकले नाहीत असे कोण?

एक, ज्यांना पेन मिळायला हवं होतं पण दिलंच गेलं नाही ते. पहिले दोन अभ्यास औषध दिल्याच्या नोंदींवर उभे आहेत. नर्सने "पित्त असेल" म्हणून गोळी दिली आणि मूल नशिबाने बरं झालं, तर ती घटना या नोंदीत येतच नाही.

दोन, उत्तर न देणाऱ्या शाळा. प्रश्नावलीला उत्तर कोण देतं? जिथे नर्स आहे, तिला वेळ आहे, आणि कदाचित जिथे काहीतरी घडलेलं आहे ती शाळा. शिवाय हा अभ्यास पेन बनवणाऱ्या कंपनीच्या योजनेतला आणि तिच्याच पाठबळावर झालेला. याचा अर्थ आकडे खोटे आहेत असा नाही. अर्थ एवढाच की "अमेरिकेतल्या शाळांत" असं न लिहिता "या योजनेत असलेल्या आणि उत्तर दिलेल्या शाळांत" असं लिहायचं. वाक्य लांबतं. लांबू द्या.

तीन, शाळेच्या इमारतीबाहेरचे. मॅसॅच्युसेट्सच्या नोंदींमध्ये १९ टक्के घटना इमारतीच्या बाहेर घडल्या होत्या. मैदान, सहल, प्रवास. पेन ऑफिसच्या कपाटात आणि मूल सहलीच्या बसमध्ये, अशी स्थिती असेल तर 'शाळेत पेन उपलब्ध आहे' या रकान्यातल्या 'हो'ला काही अर्थ उरत नाही.

आणि उलट्या बाजूनेही बघा. ५,६८३ पैकी ६०७ शाळा म्हणजे दर दहापैकी जवळजवळ नऊ शाळांमध्ये त्या वर्षी एकही घटना नोंदली गेली नाही. पेनची मुदत साधारण वर्ष-दीड वर्षाची. म्हणजे बहुतेक पेनं न वापरताच टाकली जाणार. हा अपव्यय का? अग्निशामक नळकांडं वर्षानुवर्षं भिंतीवर लटकतं म्हणून आपण त्याला वाया गेलेलं म्हणत नाही. पण नळकांडं स्वस्त असतं. एपिपेनच्या दोन पेनांच्या जोडाची किंमत २००७ मध्ये सुमारे १०० डॉलर होती, ती २०१६ पर्यंत सुमारे ६०० डॉलरवर गेली आणि कंपनीच्या प्रमुखांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली. म्हणून मुदतीचा प्रश्नही संशोधनाचा विषय झाला. २०१७ मध्ये मुदत संपलेली ४० पेनं तपासली गेली, १ ते ५० महिने उलटून गेलेली. सगळ्यांत छापील डोसच्या ८० टक्क्यांहून जास्त औषध शिल्लक होतं. यावरून "मुदत बघू नका" असं कोणी म्हणत नाही. नवं पेन हाताशी नसेल आणि समोर मूल कोसळत असेल, तर जुनं पेन कचऱ्यात टाकलेलं नसणं बरं, एवढंच.

मग सरळ प्रयोगच का करत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. निम्म्या शाळांना पेन द्या, निम्म्यांना देऊ नका आणि बघा. दोन अडचणी आहेत. घटना इतक्या विरळ की फरक दिसायला हजारो शाळा लागतील. आणि औषध काम करतं हे माहीत असताना निम्म्या शाळांतून ते मुद्दाम काढून घ्यायला कुठलीही नीतिमत्ता समिती हो म्हणणार नाही.

म्हणून आपल्याकडे उरतात निरीक्षणं. आणि निरीक्षणांचा फास कसा बसतो ते बघा. मॅसॅच्युसेट्समध्येच २०१७ साली एक अभ्यास आला. शेंगदाण्यावर पूर्ण बंदी घातलेल्या शाळा आणि बंदी नसलेल्या शाळा, यांत अ‍ॅड्रेनॅलिन देण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. लगेच निष्कर्ष काढायचा मोह होतो: बंदी निरुपयोगी. पण बंदी घालते कोण? बहुधा जिथे अ‍ॅलर्जीची मुलं जास्त आहेत ती शाळा. म्हणजे मुळात धोका जास्त असलेल्या शाळेची तुलना आपण कमी धोक्याच्या शाळेशी करतोय. 'फरक नाही' याचा अर्थ 'बंदीने काही झालं नाही' असाही होऊ शकतो आणि 'बंदीने जास्तीचा धोका खाली आणला' असाही. नुसत्या त्या आकड्यावरून दोन्ही वाचता येतात.

२०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या, प्रत्येक मुलाची लेखी योजना ठेवा, बिननावाचं अ‍ॅड्रेनॅलिन ठेवा, सरसकट बंदीच्या भरवशावर राहू नका. पण प्रत्येक शिफारशीपुढे लिहिलं: सशर्त शिफारस, पुराव्याची खात्री अत्यंत कमी. नवीन विद्यार्थी हे वाचून गोंधळतात. खात्री कमी तर शिफारस कशाला? कारण 'शाळेत पेन ठेवण्याच्या धोरणाने किती जीव वाचतात' याचा पुरावा कमकुवत आहे. 'अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन' याबद्दल डॉक्टरांमध्ये वाद नाही. प्रश्न दोन आहेत, म्हणून खात्रीही दोन.

आपल्याकडे काय?

आता महाराष्ट्रात या. आपण उपासाच्या खिचडीपासून चिक्कीपर्यंत शेंगदाणे खातो आणि वर्गात क्वचितच कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते. युरोपियन प्रकल्पाचा भाग म्हणून बेंगळुरू-म्हैसूर भागातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास झाला. संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जीचं प्रमाण निघालं ०.१४ टक्के. त्याच अभ्यासात हाँगकाँगमध्ये ते १.५ टक्के होतं. म्हणजे न्यू जर्सीचा कायदा जसाच्या तसा उचलून आणायचं कारण नाही. पण शाळेत फक्त अन्न नसतं. गांधीलमाश्या असतात, मधमाश्यांची पोळी असतात, औषधं असतात, आणि लसीकरण असतं.

इथे माझ्या आवडीचा मुद्दा. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली आणि ती शाळाशाळांत राबवली गेली. लसीकरणाच्या ठिकाणी प्रतिकूल परिणामांसाठी एक किट असतं. त्यात अ‍ॅड्रेनॅलिनची अँप्युल आणि सिरिंज असते आणि प्रशिक्षण घेतलेल्या एएनएम ताईंना रेफर करण्याआधी एक डोस स्नायूत द्यायची मुभा असते. म्हणजे बिननावाचं अ‍ॅड्रेनॅलिन आपल्या शाळांत येऊन गेलं आहे. ज्या दिवशी लस, त्या दिवशी. संध्याकाळी किट परत गेलं.

मग रोज का नको? इथे साधन आडवं येतं. ऑटो-इंजेक्टर भारतात सहज मिळत नाही. गरज असलेले पालक परदेशातून मागवतात, नाहीतर डॉक्टर अँप्युल आणि सिरिंज लिहून देतात. अँप्युल खूप स्वस्त आहे, पण ती फोडून, मोजून, भरून द्यावी लागते. सिमन्स यांनीच २००१ मध्ये हे तपासलं. बाळाचा डोस सिरिंजमध्ये भरायला पालकांना सरासरी १४२ सेकंद लागले, डॉक्टरांना ५२, तातडीच्या विभागातल्या नर्सना २९. वेळेपेक्षा भीतीदायक आकडा पुढचा आहे. पालकांनी भरलेल्या डोसमध्ये चाळीस पटींपर्यंत फरक होता. हे शांत खोलीत, बाळ सुखरूप असताना.

त्यात उन्हाळा धरा. पेन २० ते २५ अंशांत ठेवायचं असतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या ऑफिसमधल्या कपाटात ते काय करेल? आणि कपाटाची किल्ली कोणाकडे? २०२४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅड्रेनॅलिनच्या नाकातल्या फवाऱ्याला मंजुरी मिळाली. सुई नाही. तो आपल्याकडे परवडेल अशा किमतीत आला तर शिक्षकांच्या मनातली अर्धी भीती जाईल. पण तोपर्यंतही एक काम बिनखर्चाचं आहे: नोंद. शाळेतल्या अशा घटना राज्यभर एकाच फॉर्मवर लिहिण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मॅसॅच्युसेट्सचे ११५ आकडे कोणा हुशार संशोधकाच्या डोक्यातून आलेले नाहीत. नर्सनी वेळच्या वेळी भरलेल्या फॉर्ममधून आलेत. फॉर्म नसेल तर अंश शून्य येतो आणि मग फाइलवर शेरा पडतो: "अशा घटना घडत नाहीत."

गृहपाठ

तुमच्या विषयातला तुम्हाला सगळ्यात आवडणारा आकडा घ्या. जो तुम्ही प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टाकणार आहात तोच. मग मूळ पेपर उघडा, 'पद्धती' हा भाग वाचा आणि तीन ओळी लिहा:

१. छेदात नेमकं कोण आहे?
२. छेदात येऊ शकले असते पण आले नाहीत असे कोण?
३. हा आकडा वापरून जो निर्णय होणार आहे, तो या छेदातल्या लोकांसाठी आहे की दुसऱ्याच कोणासाठी?

तिसरी ओळ लिहिताना अडलात तर तिथे तुमच्या संशोधनाचा प्रश्न दडलेला असण्याची शक्यता आहे. माझा तिथेच सापडला.

एक सूचनाही. हा लेख संशोधन कसं वाचावं याबद्दल आहे, उपचाराचा सल्ला नाही. घरात कोणाला अशी अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांकडून लेखी योजना करून घ्या. आणि कोणाला गांधींसोबत धाप लागली, आवाज बसला किंवा चक्कर आली तर आमसुलाच्या पाण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

ताईला मी दुसरा मेसेज पाठवला. "मघाशी अर्धंच सांगितलं. ते पेन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांना माहीत आहे पण त्या दिवशी ज्यांचं पेन जवळ नाही त्यांच्यासाठीही आहे. तुमची दोन्ही पेनं शाळेत आहेत ना? मग सहलीच्या दिवशी त्यातलं एक बसमध्ये जातं का, एवढं नर्सला विचार."

तिचं उत्तर आलं, "शुक्रवारीच सहल आहे. विचारते."